पणजोबा आणि दोनशे घोडेस्वार

चहा आधी संपवून घ्या बरं! हे ऐकताना तुमच्यापैकी कुणाला तरी ठसका लागणार, आणि मग विमल आतून येऊन मलाच बोलणार. हसायचं तर खुशाल हसा. आपल्याच लग्नाची बोलणी करायला जावं आणि तासाभरात मुलीचा काका होऊन बसावं, असा गाढवपणा अख्ख्या हैदराबादेत मी एकट्याने केला आहे.

कसा? सांगतो ना जी, जरा दम धरा.

पोलीस अ‍ॅक्शनला वर्ष उलटून गेलं होतं. निजामाचं राज्य गेलं होतं आणि मी चोवीस वर्षांचा, सरकारी दफ्तरात कारकून होतो. काम काय? तारखा बदलणं! थट्टा नाही करत. आपल्या संस्थानात तेव्हा दोन सालं चालायची. जमिनी, पिकं, शेतसारा यांना फसली साल, आणि दरबारी हुकमांना हिजरी. आकडे जवळजवळचे, पण साल निराळं. नवे साहेब आले ते बाहेरचे. त्यांना ना फसली कळे ना हिजरी, त्यांना इंग्रजी तारीख हवी. म्हणून मी जुनं बासन सोडायचं, उर्दूतली तारीख वाचायची, बोटं मोजायची आणि वर इंग्रजी तारखेची चिठ्ठी डकवायची. दिवसाला चाळीस चिठ्ठ्या!

आता मी पडलो स्वप्नाळू. दफ्तराला एक उंच खिडकी होती. दुपारी तिच्यातून उन्हाचा पट्टा आत यायचा, त्यात धूळ तरंगायची, आणि जुन्या कागदांच्या वासाने डोळे जड व्हायचे. मग त्या धुळीतून मला घोडी पळताना दिसायची, भालदार ओरडताना ऐकू यायचे, कुठल्याशा वेशीवर कुणीतरी तुतारी फुंकायचं. "पाटील, झोपला का?" असं हेडक्लार्क ओरडले की घोडी पळून जायची आणि मी पुढची चिठ्ठी डकवायचो.

अशात माझं लग्न निघालं. मुलगी नारायणगुड्यातली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, विमल देशमुख. आम्ही अंबरपेठेत राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, गाव सोडून आलेले. बेगम बाजारात एका हळद-मिरचीच्या दुकानावर होते. त्यांच्या धोतराला कायम हळदीचा वास यायचा. मुलीचे वडील मात्र वकील, तीन पिढ्या शहरात मुरलेलं घर. बैठकीच्या भिंतीवर शेरवानी आणि दस्तार-पगडीवाले पूर्वज ओळीने टांगलेले.

मुलगी बघायला गेलो तेव्हा विमलने मला एकच प्रश्न विचारला, "दफ्तरात काय करता आपण?"

मी म्हणालो, "तारखा बदलतो."

ती खाली बघून हसली. बस! मी तिथेच संपलो. परतताना टांग्यात आप्पा काय बोलले, एक अक्षर आठवत नाही. टांगा चालला होता की तरंगत होता, तेही सांगता यायचं नाही.

पण निघता निघता एक घोळ झाला होता. वकीलसाहेबांना घराण्यांचा इतिहास गोळा करायची भारी हौस. भिंतीवरचा एकेक पूर्वज ओळख करून दिल्यावर त्यांनी सहज विचारलं, "आणि आपल्याकडे कोण कोण होऊन गेलं, पाटीलसाहेब?"

आप्पा म्हणाले, "आमच्याकडं कोन होनार जी? समदे शेतकरी."

माझा चेहरा असा उतरला म्हणता! वकीलसाहेब सज्जन माणूस. म्हणाले, "असं कसं? भाऊबीजेला बोलणी करायला याल तेव्हा चिरंजीवांनी थोडं लिहून आणावं. मी आवडीने वाचेन." त्यांनी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं असेल. मी ते छातीशी धरलं. म्हटलं, या घरात विमल मागायची तर मलाही भिंतीवर टांगता येईल असा एक पूर्वज हवा.

दुसऱ्या दिवसापासून दफ्तरात साहेबांच्या तारखा बाजूला आणि माझे पणजोबा पुढे!

घरात होतं काय? गावाकडून आणलेला जमिनीचा एक कागद. 'येसबा वल्द राणोजी, म्हणजे राणोजीचा मुलगा, राहणार पिंपळगाव, वय चौदा, साल १२८० फसली.' बाप वारल्यावर जमीन पोराच्या नावावर चढली, त्याचा तो कागद. येसबा म्हणजे माझे पणजोबा. पुढे काही नाही.

आणि एका दुपारी, त्याच उन्हाच्या पट्ट्यात, बासनातून निघाला एक दरबारी हुकूमनामा! 'यशवंतराव वल्द राणोजी, राहणार पिंपळगाव, यांस दोनशे घोडेस्वारांची सरदारी, अंबारीसह एक हत्ती, आणि मोराच्या पिसाचं निशाण.' साल? १२८०!

अहो, मी बाकावरून उठलोच. येसबा म्हणजेच यशवंत. बापाचं नाव तेच, गाव तेच, साल तेच. आता मराठवाड्यात पिंपळगावं किती आणि राणोजी किती, हा विचार कुणाही शहाण्या माणसाने केला असता. मी केला नाही. मला समोर हत्ती दिसत होता! त्याच्या गळ्यातली घंटासुद्धा ऐकू येत होती. अंबारीत बसलेल्या पणजोबांचं नाक थेट माझ्यासारखं होतं.

मी हुकूमनाम्याची शब्दाला शब्द नक्कल केली आणि घरी बसून चरित्र लिहायला घेतलं. 'वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी यशवंतरावांनी दोनशे घोडेस्वारांचे नेतृत्व केले.' इथपर्यंत कागदाचा आधार होता. पुढची सोळा पानं माझी! नदीला पूर आलेला, पलीकडे शत्रू, चौदा वर्षांचा सरदार हत्तीवरून हात उंचावतो आहे, हत्ती पाण्यात पाऊल टाकतो आहे. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून यायचे.

आप्पांनी एकदा विचारलं, "काय लिव्हतोस रे?"

"पणजोबांचं चरित्र."

"येसबाचं? मग मला इचार की."

"तुम्ही थांबा हो आप्पा. सरकारी कागद आहे माझ्याजवळ."

आप्पा पान लावायला लागले. माझं हे वाक्य लक्षात ठेवा, याची शिक्षा पुढे आहे.

भाऊबीज उजाडली. मी शेरवानी घातली, चरित्राला लाल दोऱ्याने शिवलं, काखेत धरलं आणि आप्पांना घेऊन टांग्यात बसलो. नारायणगुड्यापर्यंत रस्त्यावरचे लोक मला मुजरा करत होते. म्हणजे ते आपापल्या कामाला चालले होते, पण मला तसं दिसत होतं.

बैठकीत वकीलसाहेब, त्यांची थोरली विधवा बहीण आक्का आणि दाराआड विमल. विमलची आई लहानपणीच गेलेली, घर आक्काच बघायच्या. चहा-बिस्किटं झाली. मी घसा खाकरला आणि सुरुवात केली, "आमचे पणजोबा सरदार यशवंतराव, वल्द राणोजी, राहणार पिंपळगाव..."

वकीलसाहेबांचा कप वाटेतच थांबला. मला वाटलं, छाप पडली! मग मी कशाला थांबतो? दोनशे घोडेस्वार, हत्ती, नदीचा पूर, सगळं ओतलं. आप्पा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी फारसीत बोलतो आहे.

वकीलसाहेबांचा आवाज बदलला. "पाटीलसाहेब, आपलं देवक कोणतं?"

"कळंब," आप्पा म्हणाले.

इथे जरा समजून घ्या. पाटील काय नि देशमुख काय, ही हुद्द्यांची नावं, त्यावरून कूळ कळत नाही. आमच्यात कूळ ओळखायचं ते देवकावरून. ज्या झाडाची डहाळी किंवा ज्या पाखराचं पीस लग्नात पुजतात, ते देवक. दोघांचं एकच निघालं की भावकी झाली, सोयरीक बंद! मध्यस्थाने हे सगळं आधीच विचारून जुळवलेलं होतं. मी तोंड मिटून बसलो असतो तर तासाभरात सुपारी फुटली असती.

पण निशाणावरचं मोराचं पीस माझ्या डोळ्यांपुढे फडफडत होतं ना! मी आप्पांच्या पायावर पाय दिला आणि म्हणालो, "कळंब लोकांना सांगायला. खरं देवक मोराचं पीस."

"आरं, कळंबच हाय!" आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्हाला माहीत नाही. कागद आहे!"

झालं! वकीलसाहेब ताडकन उठले, डोळ्यांत पाणी, आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली. शेरवानीचं वरचं बटण तुटून आक्कांच्या पायापाशी गेलं.

"अहो, पिंपळगावचे यशवंतराव माझे पणजोबा! तसबीर नाही म्हणून भिंतीवर नाहीत! मोराचं पीस आमचं देवक! त्यांचा धाकटा मुलगा रुसून घरातून गेला, तो गेलाच. तीन पिढ्या शोधतोय आम्ही. मी किती गावांना पत्रं लिहिली. तो धाकटा म्हणजे तुमचे आजोबा! आक्का, आपलं माणूस सापडलं गं!"

आक्कांनी पदर डोळ्याला लावला. वकीलसाहेबांनी आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. आप्पा त्यांच्यापेक्षा वर्षाने मोठे असतील नसतील, ते नात्याने एकदम चुलते झाले होते. बिचारे पाय मागे घेत म्हणत होते, "नक्को जी, नक्को, असं काय करता?"

मी गोंधळून विचारलं, "आणि... बोलणी?"

"कसली बोलणी?" वकीलसाहेब हसत रडत म्हणाले. "आपले पणजोबा एक, म्हणजे तुम्ही माझे धाकटे भाऊ! विमल, बाहेर ये. काकांच्या पाया पड!"

काका!

विमल बाहेर आली. अबोली रंगाचं पातळ, केसात शेवंतीचं फूल. माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाकून नमस्कार केला. मी काय आशीर्वाद द्यावा? तोंडातून निघालं, "सौभाग्यवती भव." तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. तो आशीर्वाद आता कुठल्या घरी लागू पडायचा, देव जाणे!

"आता हिच्यासाठी स्थळ तुम्हीच बघायचं बरं का," वकीलसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सख्ख्या काकासारखी जबाबदारी!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो माणूस इतका आनंदात होता! पोलीस अ‍ॅक्शनआधीच्या गडबडीत त्यांची उरलीसुरली भावकी सोलापूरकडे निघून गेली होती, दिवाळीला घर रिकामं असायचं. आणि मी काय सांगणार, की पीस मी निशाणावरून उचललं?

तोवर आक्का ताट घेऊन आल्या. "दिवस कसा बघा, भाऊबीजेचा! बस बाळा पाटावर."

मी पाटावर बसलो. आक्कांनी मला ओवाळलं. निरांजनाच्या पलीकडे विमल दाराला टेकून उभी होती आणि त्या ज्योतीत ती मला कुठल्या कुठे लांब जाताना दिसत होती. माझा हत्ती, माझी नदी, दोनशे स्वार, सगळे तिला वाजत गाजत दुसऱ्याच्या दारी पोचवायला निघाले होते.

आता ओवाळणी? भावाने ताटात काहीतरी घालावं लागतं. मी आलो होतो नवरदेव म्हणून, भाऊ म्हणून काही आणलं नव्हतं! हाताशी होतं ते चरित्र. हुकूमनाम्याच्या नकलेसकट ते ताटात ठेवलं.

आक्का गहिवरल्या. "याहून मोठी ओवाळणी कोणती? पण मला कुठं वाचता येतं? विमल, वाच गं मोठ्याने."

विमल वाचायला लागली. नदीच्या पुरापाशी तिचा आवाज जरा कापला. मला वाटलं भावना अनावर झाल्या, हसू दाबत होती हे पुढे कळलं. मग तिने नक्कल उचलली. तिचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, सरळ वाचत गेली. आणि थांबली.

"काका, पणजोबांचं वय चौदा, हे कुठून काढलंत?"

"जमिनीच्या कागदावरून. साल १२८० फसली, वय चौदा."

"आणि या हुकूमनाम्यावर?"

"तेच साल, १२८०."

"पण इथे महिना रजब लिहिलाय," विमल शांतपणे म्हणाली. शाळेत पोरींना विचारावं तसं तिने मला विचारलं, "फसलीत कोणते महिने असतात, काका?"

"आजर, दय, बहमन..." मी बोटं मोजत सुरू केलं आणि तिसऱ्या बोटावर अडकलो. रजब? रजब तर हिजरीतला!

"म्हणजे हे साल हिजरी," ती म्हणाली. "हिजरी बाराशे ऐंशी हे फसली बाराशे ऐंशीच्या सात वर्षं आधी येतं. तेव्हा तुमचे येसबा सात वर्षांचे असणार. दुधाचे दात पडायच्या वयाचे. ते दोनशे घोडेस्वार घेऊन नदीत कसे उतरले, काका?"

दिवसाला चाळीस चिठ्ठ्या डकवणारा मी, संस्थानभरच्या तारखा बदलून देणारा मी, स्वतःच्या पणजोबांपाशी महिना वाचायला विसरलो! मला १२८० एवढंच हवं होतं, तेवढंच दिसलं.

आता मात्र मी उठलो. "वकीलसाहेब, चूक माझी. हे यशवंतराव आमचे नव्हेत. मोराचं पीस मी निशाणावरून उचललं. आप्पा खरं सांगत होते."

वकीलसाहेब हळूच खुर्चीत बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "म्हणजे आपलं माणूस सापडलं नाहीच." मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! माझ्या मिजाशीपायी एका भल्या माणसाला मी भाऊ दिला आणि घटकाभरात काढून घेतला.

शेवटी आप्पांनी पानाचा डबा मिटला. "मी बोलू का आता? मघाधरनं कोनी बोलू देईना. येसबा माझा आजा. मी त्याच्या मांडीवर वाढलो. सरदार कशाचा जी, घोड्याला लई भ्यायचा! रस्त्यानं घोडा आला, की म्हातारा जवारीत शिरायचा. दुरून टाप वाजली तरी आत. घोडा पार दिसेनासा झाल्यावर आजी हाका मारायची, तवा बाहेर यायचा."

विमल खुदकन हसली. आक्का हसल्या. मी तोंड कुठे लपवू!

"पण का?" वकीलसाहेबांनी विचारलं. त्यांच्यातला हौशी माणूस नकळत पुढे सरकला होता.

"लहान असताना त्याच्या शेतातून म्हनं फौज गेली. शे-दोनशे घोडी. हुरड्यावर आलेली जवार आडवी केली समदी. हा पोरगा राखणीला मचानावर, एकटाच रडत बसलेला. तवापासनं जी."

"लहान म्हणजे किती?"

"असंल सहा-सात वर्साचा."

वकीलसाहेबांनी विमलकडे बघितलं. विमलने त्यांच्याकडे. आणि वकीलसाहेब असे हसत सुटले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "आमचेच असतील, पाटीलसाहेब! आमचेच पणजोबा असतील! म्हणजे दोन घराण्यांची ओळख जुनीच निघाली की!" त्यांनी वही-दौत मागवली आणि आप्पांपुढे मांडी घालून बसले. "सांगा, पहिल्यापासून सांगा. मचान कुठल्या बांधावर होतं?"

आप्पा दोन तास बोलत होते. येसबांनी खणलेली विहीर, येसबांची बांडी गाय, येसबांनी नातवाला खांद्यावर बसवून दाखवलेली जत्रा. मी ऐकत होतो. चोवीस वर्षं त्या माणसाच्या घरात राहिलो, पण यातलं काही मी कधी विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगतो, आप्पांच्या बोलण्यातली ती ज्वारी मला माझ्या सोळा पानांतल्या नदीपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होती. तिच्यात लपलेला म्हातारासुद्धा.

उठता उठता वकीलसाहेबांनी विचारलं, "देवक मग कळंबच ना?"

"तेच मघाधरनं सांगतोय जी!" आप्पा कळवळून म्हणाले, आणि सुपारी फुटली.

विमलला मी पुढे विचारलं, रजब नसता तर काय केलं असतंस? म्हणाली, "दुसरी चूक काढली असती. सोळा पानांत काय कमी होत्या?"

पण अजून शेवट राहिलाय. लग्नात दोन्हीकडची माणसं जमली, मांडवात कळंबाची डहाळी बांधली होती. बायकांनी विमलला घेरलं. "नाव घे, नाव घे!" मी ऐटीत उभा होतो. म्हटलं, शिकलेली बायको, काहीतरी काव्यमय घेईल. विमलने पदर सावरला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"रजब कोणता, फसली कोणती, सालांचा केला काला,
दिगंबररावांचं नाव घेते, काका होता, नवरा झाला!"

सगळा मांडव हसायला लागला. सगळ्यांत मोठ्याने वकीलसाहेब, त्यांच्या खालोखाल आप्पा. आणि माझी त्या क्षणी पक्की खात्री पटली, की मी येसबांचाच पणतू. कारण आत शिरायला कुठे थोडी ज्वारी मिळते का, म्हणून मी मांडवभर बघत होतो.